दाढीचा पहिला सिंथेटिक ब्रश: निवड, पहिला फेस आणि निगा

जुलैत चिपळूणला दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात, तिथे न्हाणीघरातल्या ब्रशाची काय कथा! पाच वर्षांपूर्वी मी डुकराच्या केसांचा एक ब्रश घेतला होता. उन्हाळाभर त्याने सुरेख फेस दिला. पावसाळा लागला आणि तिसऱ्या आठवड्यात केसांच्या बुडाशी काळपट ठिपके दिसू लागले, ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. साबणाने धुतला, व्हिनेगरमध्ये बुडवला, रात्रभर पंख्याखाली ठेवला. वास काही गेला नाही. शेवटी तो टाकून सिंथेटिक ब्रश घेतला आणि त्यानंतरचे सगळे पावसाळे त्याच एका ब्रशाने काढले.

वाटी, साबण आणि ब्रश घेऊन दाढी करायला नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला ब्रश सिंथेटिकच घ्यायला सांगतो. पण त्यातही शेकडो प्रकार आहेत, आणि चुकीचा घेतला किंवा चुकीचा वापरला की माणूस आठवड्याभरात पुन्हा डब्यातल्या तयार फोमकडे वळतो. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की: हा तंतू पाणी पीत नाही

डुकराचा केस, घोड्याचा केस, बॅजरचा केस, आपल्या डोक्यावरचा केस, सगळे केराटिनचे. (बॅजर हा बिळात राहणारा, अस्वलासारखा दिसणारा छोटा प्राणी. त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात आणि महाग असतात.) केराटिन स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषून घेऊ शकतं. म्हणून डुकराच्या केसांचा ब्रश दाढीआधी पाच-दहा मिनिटं भिजत घालावा लागतो, भिजल्यावर तो मऊ पडतो आणि नंतर वाळायला वेळ खातो.

आजच्या चांगल्या सिंथेटिक ब्रशाचे तंतू पीबीटी नावाच्या प्लास्टिकचे असतात. पूर्ण नाव पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटीच्या असतात, त्याचंच हे भावंड. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवलं तरी वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपासच पाणी त्यात शिरतं. म्हणजे ब्रशात जे पाणी दिसतं ते तंतूंच्या आत नसतं, तंतूंच्या मधल्या फटींत अडकलेलं असतं. झटकलं की निघून जातं.

बाकीचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं. हा ब्रश भिजत घालावा लागत नाही, नळाखाली धरला की तयार. तो लवकर वाळतो, म्हणून त्याला बुरशी धरायला फारसा वाव राहत नाही. साबण तंतूंत मुरत नाही, त्यामुळे थोड्या क्रीममध्ये भरपूर फेस होतो. पाण्याने तो मऊही पडत नाही, म्हणून दुकानात कोरडा असताना गालाला जसा लागतो तसाच घरी ओला असताना लागणार. डुकराच्या केसांच्या ब्रशाची परीक्षा कोरडेपणी करताच येत नाही, तो रुळायला काही आठवडे जावे लागतात. सिंथेटिकची परीक्षा तिथल्या तिथे करता येते.

आणि या ब्रशाबद्दलची नवख्यांची मोठी तक्रार, म्हणजे 'फेस पाणचट होतो', तीही इथूनच येते. त्याबद्दल पुढे.

पायरी १: फेस कुठे करणार ते ठरवा

ब्रश पाहायला लागण्याआधी हे ठरवा. फेस करायच्या जागा दोन: वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर.

वाटीत फेस करणाऱ्याला उंच, मऊ, थोडा लवचिक झुबका चालतो. ट्यूबमधलं क्रीम वापरत असाल तर वाटी सोपी. चेहऱ्यावरच फेस करणाऱ्याला थोडा आखूड आणि ताठ झुबका लागतो, कारण तिथे ब्रशाने साबण घोटायचाही असतो आणि तो दाढीच्या मुळाशी पोचवायचाही असतो. कडक साबणाची वडी किंवा साबणाची कांडी वापरणाऱ्यांनाही ताठपणा हवा.

अजून ठरत नसेल तर मधलं माप घ्या, दोन्ही जमेल. मी स्वतः चेहऱ्यावर फेस करतो. सकाळी एक भांडं कमी धुवावं लागतं, आणि ब्रश दोन-तीन मिनिटं दाढीवर फिरत राहिल्यामुळे केस नीट भिजतात. ब्लेड ओढलं जाण्याचं, आग होण्याचं कारण पुष्कळदा ब्लेड नसतंच, नीट न भिजलेली दाढी असते. कोरडा केस चिवट असतो, पाणी प्यायलेला केस सहज कापला जातो. ब्रश पाणी पीत नाही पण दाढी पिते, आणि ब्रशाचं खरं काम तिला ते पाजणं हेच आहे.

पायरी २: माप वाचायला शिका

ऑनलाइन विकत घेताना दोन आकडे शोधा. पहिला झुबक्याचा व्यास, म्हणजे तंतू मुठीतून जिथे बाहेर येतात तिथली रुंदी. दुसरा झुबक्याची उंची, म्हणजे मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत तंतू किती बाहेर आहेत. दोन्ही मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. विक्रेत्याने फक्त ब्रशाची एकूण उंची दिली असेल तर तो आकडा काही कामाचा नाही, त्यात मूठही आली.

बाजारात साधारण २० ते ३० मिमी व्यासाचे ब्रश मिळतात. पहिला ब्रश २४ मिमीचा घ्या. २० चा ब्रश मिशीभोवती आणि नाकाखाली छान फिरतो, पण पूर्ण चेहऱ्याला पुरेल एवढा फेस त्यात राहत नाही. २८-३० चा ब्रश पाहायला रुबाबदार, पण ओठांवर, नाकात, कानाच्या पाळीवर फेस जातो आणि क्रीमही जास्त लागतं. चेहरा लहान असेल किंवा फक्त गालांच्या आणि गळ्याच्या कडा साफ करून दाढी राखत असाल तर २२ बघा.

उंची एकटी पाहू नका, व्यासाशी ताडून पाहा. उंचीला व्यासाने भागून जो आकडा येतो त्यावरून ताठपणाचा बराच अंदाज येतो. २४ मिमी व्यासाला ४८ ते ५२ मिमी उंची म्हणजे दुप्पट किंवा किंचित जास्त. हे मधलं माप, वाटीलाही चालतं आणि चेहऱ्यालाही. त्याच व्यासाला ५८-६० मिमी उंची असेल तर झुबका लवतो, वाटीत बरा वाटतो, पण चेहऱ्यावर दाब दिला की आडवा पडतो. ४५ च्या खाली गेलात तर ब्रश खराट्यासारखा ताठ वाटू लागतो, विशेषतः तंतू दाट भरलेले असतील तर.

झुबक्याचा आकारही पाहून घ्या. काही वरून पंख्यासारखे पसरट असतात, काही कमळाच्या कळीसारखे गोल. कळीचा आकार चेहऱ्यावर गोल गोल फिरवायला बरा, पंख्याचा आकार रंगाच्या ब्रशासारखे सरळ हात मारायला बरा. पहिल्या ब्रशासाठी यावर डोकं खपवायची गरज नाही.

पायरी ३: तंतू ओळखा

पैसे खरे तर इथेच कारणी लागतात किंवा वाया जातात.

प्राण्यांच्या केसांना पर्याय शोधण्याची गरज जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स या जनावरांकडून येणाऱ्या जीवघेण्या रोगाची लागण झाली होती. ब्लेडने झालेल्या बारीक जखमांतून जंतू आत शिरत. त्या धास्तीपोटी ब्रिटनने १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीचं नायलॉन बाजारात आलं, तेही आधी टूथब्रशाचे तंतू म्हणून. पुढे ते दाढीच्या ब्रशातही शिरलं.

आपल्यापैकी पुष्कळांनी वडिलांच्या हातात पाहिलेला तो हाच ब्रश: प्लास्टिकची लाल किंवा पांढरी मूठ आणि त्यात जाडसर, चकचकीत नायलॉनचे तंतू. त्या तंतूची जाडी बुडापासून टोकापर्यंत सारखी आणि टोक सपाट कापलेलं. म्हणून तो टोचतो. शिवाय स्प्रिंगसारखा उसळतो आणि फेसाचे शिंतोडे आरशावर उडवतो. सिंथेटिक ब्रशाचं नाव खराब झालं ते या पिढीमुळे. आजही किराणा दुकानात शंभर-दीडशे रुपयांना बहुधा हाच मिळतो.

नव्या पीबीटी तंतूची टोकं निमुळती असतात. तंतूंची टोकं तीव्र अल्कलीच्या द्रावणात बुडवतात, तिथे ती हळूहळू विरघळून सुईसारखी बारीक होतात. 'स्लिम टिप' म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथब्रशांचे तंतूही असेच केलेले असतात. बुडाशी ताठ आणि टोकाशी रेशमी, हे दोन्ही गुण एकाच तंतूत येतात ते यामुळे.

विक्रेत्यांच्या पानांवर प्लिसॉफ्ट, टक्सिडो, कॅशमिअर अशी नावं दिसतील. ही झुबक्यांच्या प्रकारांची चालू नावं आहेत, एका कंपनीची मक्तेदारी नाही. टक्सिडो म्हणजे काळा तंतू आणि पांढरं टोक, बऱ्यापैकी मऊ. प्लिसॉफ्ट फार मऊ, मलमलीसारखा. कॅशमिअर मऊ टोकाचा, पण माझ्या हाताला थोडा जास्त ताठ लागला. चेहऱ्यावर फेस करणाऱ्याला मी टक्सिडो किंवा कॅशमिअर सुचवीन, वाटीवाल्याला प्लिसॉफ्ट. चीनच्या 'याची' (Yaqi) नावाच्या कंपनीचे या प्रकारचे ब्रश भारतात ऑनलाइन सहज मिळतात. १९४५ पासून ब्रश बनवणाऱ्या जर्मनीच्या म्युले कंपनीचा सिल्वरटिप फायबर मऊ टोकासाठी नावाजलेला आहे, पण किंमत बरीच वर जाते. बोलोन्याच्या ओमेगा कंपनीचे सिंथेटिक ब्रश वेगळ्या वळणाचे आहेत. ते डुकराच्या केसांची नक्कल करतात, झुबका उंच आणि तंतू कणखर. ज्यांना गालावर थोडी खरखर आवडते त्यांनी तिकडे पाहावं.

रंगावर जाऊ नका. मधोमध काळा पट्टा आणि वर पांढरं टोक हे बॅजरच्या केसांचं रूप, सिंथेटिकमध्ये तो निव्वळ रंग आहे. 'सिल्वरटिप' हा शब्दही बॅजरच्या उत्तम प्रतीवरून उचललेला आहे. त्यामुळे वर्णनात तो शब्द दिसला तरी 'सिंथेटिक' किंवा 'फायबर' कुठे लिहिलंय का ते शोधा. उलट, वेष्टनावर 'प्युअर ब्रिसल' किंवा 'बोअर' असेल तर ते डुकराचे केस. ज्यांना प्राण्यांचे केस चेहऱ्याला लावायचे नाहीत, मग कारण धर्माचं असो वा मनाचं, त्यांनी हे शब्द नीट वाचावेत. दुकानदाराला पुष्कळदा स्वतःलाही ठाऊक नसतं.

शंका राहिली तर गळालेला एकच तंतू चिमट्यात धरून काडीने पेटवा. प्राण्याचा केस जळताना केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांनी चुरली जाणारी राख उरते. सिंथेटिक वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो.

पायरी ४: मूठ

ओल्या, साबणाच्या बोटांतून सुटणार नाही अशी मूठ घ्या. मधे कंबर असलेली, म्हणजे डमरूसारखा आकार असलेली, सर्वांत सोयीची. रेझिनची मूठ पाण्याला निर्धास्त. लाकडाची मूठ हातात ऊबदार लागते, पण दमट हवेत लाकूड फुगतं-आक्रसतं आणि वरच्या पॉलिशला तडे जातात. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी पहिला ब्रश लाकडी मुठीचा घेऊ नये. धातूची मूठ जड असते आणि फरशीवर पडली तर मुठीपेक्षा फरशीची काळजी.

पायरी ५: किंमत आणि खरेदी

शंभर-दोनशे रुपयांत नायलॉन मिळेल, तो सोडून द्या. पाचशे ते दीड हजारांत निमुळत्या टोकांचा, २४ मिमीचा, रेझिनच्या मुठीचा चांगला ब्रश मिळतो. त्यापुढचे पैसे बहुतांशी मुठीचे, कारागिरीचे आणि नावाचे. ते द्यायला हरकत नाही, पण फेस त्या प्रमाणात वाढत नाही. एकदा एका विक्रेत्याने मला रेझर, स्टँड, वाटी आणि ब्रश असा संच भेटीसाठी सुचवला. दिसायला देखणा, पण त्यातला ब्रश जुन्या नायलॉनचाच निघाला. तेव्हापासून मी संच घेत नाही. संचात बहुधा ब्रशावरच काटकसर केलेली असते.

दुकानात हातात घेता आला तर तीन गोष्टी करा. टोकं गालावर नाही तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि गोल फिरवा. टोचलं तर ठेवून द्या. मग तळहातावर हलकेच दाबा. झुबका सगळ्या बाजूंनी सारखा फाकला पाहिजे. शेवटी दाब सोडा आणि तो परत कसा उभा राहतो ते पाहा. झटकन उसळला तर शिंतोडे उडणार. शांतपणे जागेवर आला तर तोच घ्या.

पायरी ६: घरी आणल्यावर

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ब्रश धुवा, कारखान्यातला वास आणि धूळ निघून जाईल. मग झुबका चिमटीत धरून हलका ओढा. दोन-चार सुटे तंतू हातात येतील, पहिल्या काही दाढ्यांतही येतील. तो दोष नाही. पण तंतूंचा पुंजका येत असेल किंवा झुबका मुठीत डुगडुगत असेल तर डिंक नीट लागलेला नाही, ब्रश परत करा. झुबका मुठीच्या खळग्यात इपॉक्सीने चिकटवलेला असतो. हाताने काम करताना एखाद्यात कमी पडते.

पायरी ७: पहिला फेस

घाईची सकाळ नको, रविवार निवडा. पहिल्या दिवशी दाढी न करता नुसता फेस करून पाहिला तर सगळ्यात उत्तम.

चेहरा कोमट पाण्याने धुऊन ओलाच ठेवा. ब्रश नळाखाली धरा, पाणी बुडापर्यंत जाऊ द्या. आता झुबका मुठीत धरून हलका पिळा आणि दोनदा जोरात झटका. इथेच बहुतेकांचं चुकतं. डुकराच्या केसांच्या ब्रशातलं थोडं पाणी केसांत मुरलेलं असतं आणि हळूहळू बाहेर येतं. सिंथेटिकमधलं सगळं पाणी मोकळं असतं. तुम्ही क्रीमवर ब्रश टेकवला की ते एकदम खाली उतरतं आणि साबणाचं पाणी होतं. म्हणून सुरुवात जवळजवळ कोरड्या ब्रशाने करा. पाणी नंतर वाढवता येतं, काढता येत नाही.

क्रीम असेल तर शेंगदाण्याएवढं, फार तर बदामाएवढं, झुबक्याच्या मधोमध घ्या. ट्यूबवरच्या चित्रात ब्रशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रीम पसरलेलं दाखवतात. तेवढ्यात तीन दाढ्या होतील. साबणाची वडी असेल तर तिच्यावर ब्रश वीसेक सेकंद गोल फिरवा, टोकांवर दाट लेप दिसेपर्यंत.

आता चेहऱ्यावर गोल गोल फिरवायला लागा. दाब इतकाच, की झुबक्याचा वरचा तिसरा हिस्सा वाकेल. बुडापर्यंत दाबून घुसळू नका. त्याने मधले तंतू मोडतात आणि वर्षभरात झुबक्याच्या मधोमध मेदूवड्यासारखं भोक पडतं. अर्ध्या मिनिटात चेहऱ्यावर एक घट्ट, निस्तेज लेप तयार होईल. तो टांगलेल्या चक्क्यासारखा दिसतो, आणि अजून फेस झालेला नाही. टोकं पाण्यात नुसती बुडवा, म्हणजे चार-पाच थेंब येतील, आणि पुन्हा फिरवा. लेप सैल होईल, थोडी चकाकी येईल. पुन्हा टोकं बुडवा. असं तीन-चार वेळा करा. दर खेपेला फेस वेगळा दिसेल, आणि तो बदल पाहणं हेच या शिकण्यातलं मुख्य.

फेस तयार झाला हे ओळखायचं असं: तो ताज्या श्रीखंडासारखा गुळगुळीत आणि चमकदार दिसतो, उघड्या डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत, आणि दोन बोटांत घेऊन चोळला तर बोटं सरकतात. चक्क्यासारखा घट्ट असेल तर ब्लेड अडकेल, पाणी हवं. ताकासारखा पातळ होऊन मोठे बुडबुडे दिसू लागले तर पाणी जास्त झालं, दाण्याएवढं क्रीम अजून घ्या आणि घोटा. शेवटी रंग मारल्यासारखे वर-खाली सरळ हात फिरवून फेस सारखा करा.

वाटीतही हेच, फक्त वाटी कोरडी घ्या आणि तिच्या बुडाला ब्रश रगडू नका. चेहऱ्यावर फेस न्यायचा तर झुबका वाटीच्या कडेला टेकवून थोडा सैल करा, कारण हा ब्रश फेस वरच्या वर धरतो आणि पहिल्या हातातच सगळा सोडतो. एका दाढीत दोन वेळा फेस लावत असाल, तर दुसऱ्या वेळेसाठी झुबका बुडाकडून टोकाकडे चिमटीत दाबत आणा. आत राहिलेला फेस वर येतो, नवं क्रीम घ्यावं लागत नाही.

नळाचं गरम पाणी चालतं, उकळतं पाणी चालत नाही. गॅसवरून उतरवलेल्या पातेल्यात ब्रश बुडवला तर बारीक टोकं वाकडी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत, शिवाय डिंकही सैल पडतो. बोट सुखाने बुडवता येईल एवढं गरम, ही मर्यादा.

बोअरचं पाणी असेल तर

शाळेच्या पुस्तकात आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो. दाढी करणाऱ्यासाठी याहून नेमका शब्द नाही. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा साका बनवतात. साबणाचा एक भाग फेसाला मिळतच नाही, आणि मग माणूस ब्रशाला दोष देतो. धरणाचं पाणी येणाऱ्या भागात हा त्रास सहसा कमी, पण बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत आणि गावांत तो रोजचा आहे.

ब्रशात दोष आहे की पाण्यात, हे एका प्रयोगाने कळतं. दोन सारख्या बाटल्यांत अर्धं-अर्धं पाणी घ्या, एकात नळाचं, एकात आरओचं. दोन्हीत साबणाच्या वडीचा सारखाच कीस टाका आणि हलवा. नळाच्या पाण्याची बाटली गढूळ राहिली आणि वर फेस कमी आला तर पाणी दुष्फेन आहे. उपाय स्वस्त आहे: फेसापुरतं पाणी आरओचं घ्या. एका दाढीला अर्धी वाटी पुष्कळ होते, चेहरा धुवायला नळाचंच वापरा. कडक साबणाऐवजी क्रीम वापरलं तरी फरक पडतो.

धुणं आणि वाळवणं

दाढी झाल्यावर झुबका नळाखाली धरून बोटांनी फाकवा आणि बुडाशी अडकलेला साबण काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग पिळायचं, झटकायचं, टॉवेलवर चार वेळा पुसायचं आणि उभा ठेवायचा. उलटा टांगायचा स्टँड घेतलाच पाहिजे असं नाही. पाणी आत मुरतच नाही, तर खाली उतरायला फारसं उरत नाही. मात्र बंद कपाटात किंवा डब्यात ओला ठेवू नका. तंतूला बुरशी धरत नाही, पण त्यावर राहिलेल्या साबणाला धरू शकते. पावसाळ्यात मी तो न्हाणीघरातून बाहेर आणतो आणि खिडकीपाशी ठेवतो, दुपारपर्यंत कोरडा असतो.

बुडाशी पांढरट थर दिसू लागला, किंवा तंतू एकमेकांना चिकटून फेस कमी येऊ लागला, की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाण्यात ब्रश पाच मिनिटं फिरवा, नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा. क्षार आणि साका दोन्ही निघतात. ब्रश दुसऱ्याला वापरायला देऊ नका, घरातही नाही. दाढीत बारीक खरचटतं आणि त्यातून त्वचेचे संसर्ग पसरू शकतात. गावी केशकर्तनालयात जाताना मी माझा ब्रश पिशवीतून घेऊन जातो. आमच्याकडच्या न्हाव्यांना त्याचं आता काही वाटत नाही, उलट दोघांनी कुठे मिळाला म्हणून विचारून घेतला.

टोकं वाकडी झाली, मधे भोक पडलं किंवा तंतू रोज गळू लागले की झुबका संपला. मूठ चांगली असेल तर टाकू नका. सुटे झुबके ऑनलाइन मिळतात. जुना झुबका कापून, खळगा साफ करून त्याचा व्यास आणि खोली मोजा, त्या मापाचा झुबका मागवा आणि दोन घटकांच्या इपॉक्सीने बसवा. चिकटवण्याआधी झुबका नुसता ठेवून उंची बघून घ्या. खळगा खोल असेल तर तळाशी प्लास्टिकच्या चकत्या घालून झुबका हवा तेवढा वर उचलता येतो. एक दिवस पूर्ण सुकू द्या, मगच पाणी लावा.